चौऱ्याहत्तर किलोचा तक्ता

सोमवार, २ मार्च. सकाळी ७.१०

आजपासून रोज लिहायचं. एवढा मोठा शोध लावणारा माणूस नेमका कसा होता, हे पुढेमागे कुणी विचारलं तर कागद हवेत. वाचायला कुणाला देणार नाही. पण असावेत.

आज बारा फोर्क बाहेर पडले. आठ वर्षांचं काम. फोर्क म्हणजे काय, हे काल सासूबाईंना फोनवर समजावलं: डोंगरात चालवायच्या सायकलचं पुढचं चाक दोन्ही बाजूंनी धरून ठेवणारे दोन पाय. आत हवा. दगड आला की पाय थोडे आत जातात, धक्का हवेत जिरतो, हात शाबूत राहतात. सासूबाईंनी विचारलं, मग रस्त्यानेच का जात नाहीत. सोडून दिलं.

वजन १३९२ ग्रॅम. तीन काट्यांवर मोजलं. एवढा हलका फोर्क आमच्या फॅक्टरीत कुणी स्वप्नातही पाहिला नव्हता. एकेक ग्रॅम खरवडून काढलाय. स्क्रूचं डोकं अर्धा मिलिमीटर उतरवलं, १.१ ग्रॅम वाचला. त्या दिवशी मी पेढ्यांऐवजी स्क्रू वाटले असते. वजनाच्या बाबतीत मी आयुष्यात कधी चुकीचा आकडा लिहिलेला नाही.

मालकीणबाईंची अट: बारा रायडरनी महिनाभर चालवायचा, फॉर्मवर मत लिहायचं. बारापैकी आठ जणांनी 'मी हा घेईन' लिहिलं, तर ३० तारखेच्या मीटिंगमध्ये फोर्क पास. नाहीतर आमचा विभाग बंद आणि मी तळमजल्यावर, तीनचाकी सायकलींच्या घंटा विभागात. त्या विभागात दिवसभर घंटा वाजवून बघतात.

फोर्कवर माझी सही कोरावी असं सुचवलं. बाई म्हणाल्या, आधी पास तर होऊ द्या. कोरल्याने वजन ०.३ ग्रॅम कमीच होईल, हे मी निदर्शनास आणून दिलं. त्या फाईल बघत होत्या.

दुपारी १२.४०

तक्त्याबद्दल लिहायचं राहिलं. आत हवा किती भरायची, हे रायडरच्या वजनावर. भारी माणसाला जास्त, हलक्याला कमी. मी स्वतः तीन आठवडे चालवून बघितलं: माझं वजन ७४, हवा ९२ पीएसआय, फोर्क अगदी लोण्यासारखा. त्यावरून त्रैराशिक मांडून पन्नास ते शंभर किलोपर्यंत सगळ्यांचे आकडे काढले. स्टिकर छापून प्रत्येक फोर्कच्या पायावर लावला.

रायडर जात आगाऊ. मनाला येईल तशी हवा काढतात, मग मतं देतात. म्हणून हवा भरायच्या टोपणावर लाल लाखेचं सील ठोकलंय. सील तुटलं की मत बाद. असा कडेकोट बंदोबस्त आजवर कुणी केला नसेल.

बुधवार, ४ मार्च. सकाळी

हिने नवा डिजिटल वजनकाटा आणलाय. (ही म्हणजे बायको. फिजिओथेरपिस्ट आहे, माणसांचे सांधे बघते.) बेसिनला एक हात टेकून उभा राहिलो. ७६. खिशात किल्ल्यांचा जुडगा होता, ३४० ग्रॅम. पायात चपला. वर नुकताच चहा घेतलेला. म्हणजे ७४च. लग्नात ७४ होतो, आज एकवीस वर्षांनी ७४. शरीर सांभाळणं हेही इंजिनिअरिंगच आहे.

तरी संकल्प: उद्यापासून रोज अर्धा तास दोरीवरच्या उड्या.

गुरुवार, ५ मार्च

दोरी सापडली नाही.

शनिवार, ७ मार्च. संध्याकाळी

पहिलं मत आलं! गणिताच्या बाई, वजन ५८, तक्त्याप्रमाणे ७२ पीएसआय. लिहितात: 'हातांना मुंग्या येतात. आत खरंच हवा आहे की भरीव लोखंड?'

भरीव लोखंड १३९२ ग्रॅममध्ये येतं का, हे त्यांना दोन पानी पत्रात विचारलं. गणिताच्या शिक्षिकेला हे कळू नये! तरी 'घेणार नाही' असं त्यांनी कुठे लिहिलेलं नाही. नुसती रेघ मारली आहे. शिक्षकांना रेघ मारायची सवय असते.

सोमवार, ९ मार्च

फायर ब्रिगेडवाला, ८२ किलो, १०२ पीएसआय. डोंगरावरून उतरताना त्याच्या दाढेतलं सिमेंट निघालं म्हणे. डेंटिस्टचं नाव कळवलं नाही, नाहीतर सिमेंटची क्वालिटी विचारली असती.

पोस्टवालीने (६३ किलो) फोन करून विचारलं की फोर्कचं लॉक (पाय आत जाऊ न देणारी कळ) कसं काढायचं. म्हटलं, याला लॉकच नाही. तिने पुन्हा तेच विचारलं. मग म्हणाली, बरं.

एक्सेलमध्ये तीन रकाने केले: 'अनुकूल', 'अनुकूल होण्याच्या मार्गावर', 'गैरसमज'. तिघंही सध्या तिसऱ्यात.

बुधवार, ११ मार्च. सकाळी ८ वाजता

लेकीबद्दल. ती बारावी रायडर. एकोणीस वर्षांची, ५१ किलो, बावीस तारखेला मोठी रेस आहे तिची. घरात आम्ही तिला चिमणी म्हणतो, रेसमध्ये लोक बाजूला व्हा म्हणतात. पहिल्या आठवड्यात घरी आली की बोटं पांढरी फटक पडलेली, चमचा धरवत नव्हता. मी विचारलं, फोर्क कसा आहे. म्हणाली, बघते अजून, बाबा. हिने माझ्याकडे असं बघितलं की मी टोस्ट अर्धा ठेवून उठलो.

आणि आता? तीन दिवसांत पोरगी नुसती उडते आहे! नेहमीच्या उतारावर अकरा सेकंद कमी. बोटंही ठणठणीत. म्हणजे काय सिद्ध झालं? फोर्कला मुरायला वेळ लागतो. बाकीच्या अकरा जणांना धीर नाही.

तिच्या फोर्कचं सील जरा गुलाबी दिसलं. उन्हाने लाख फिकी पडत असावी. पुरवठादाराला लिहायचं.

शुक्रवार, १३ मार्च

हिच्या दवाखान्यात एका आठवड्यात मनगट दुखणारे दोन पेशंट. दोघांकडे नवीन फोर्क. पेशंटच्या गोष्टी घरी सांगणं नियमात बसतं का, असं मी हिला विचारलं. ती म्हणाली, नाव नाही सांगितलं, फोर्कचं सांगितलं.

मग म्हणाली, तुमचे गुडघे एकदा बघते, उद्या दवाखान्यात या, वजनही नीट घेऊ. उद्या मला वेळ नाही. परवाही नाही.

संकल्प: साखर बंद.

संध्याकाळी ५.३०

अकाउंटंटच्या वाढदिवसाचा केक. न खाणं वाईट दिसतं. दोन तुकडे, दुसरा तिच्या आग्रहाने.

सोमवार, १६ मार्च

हिशेब मांडला. अनुकूल: दोन. एक लेक, जिने फॉर्मवर अजून अक्षर लिहिलेलं नाही. दुसरा बेकरीवाला, ज्याने फोर्क अजून सायकलला बसवलेला नाही. त्याला पेटीतच फार आवडला आहे.

चौदा दिवस राहिले. आठ हवेत.

लेकीला म्हटलं, तेवढा फॉर्म भरून टाक गं. म्हणाली, रेस झाली की भरते. मी म्हटलं, एक ओळ लिही. म्हणाली, बाबा, एकच ओळ तर अवघड आहे. आणि आत निघून गेली. अलीकडची मुलं स्पष्ट बोलत नाहीत.

बुधवार, १८ मार्च. दुपारी

आज पुरावाच गोळा केला. म्हटलं, लोकांचं ऐकत बसण्यापेक्षा स्वतः चालवू. टेस्टची सायकल काढली, ९२ पीएसआय, ७४ किलोचा आकडा, फॅक्टरीमागच्या दगडी पायऱ्यांवरून सरळ खाली.

लोणी! अहो, काय फोर्क आहे! खाली पोचलो तेव्हा डोळ्यांत पाणी होतं. (वारा.) दहा माणसं एकाच वेळी चुकू शकतात, हे आज मला कळलं. यांना हातच नाहीत. फोर्क दिले काय नि न दिले काय.

मग बसून विचार केला. मला चांगला लागतो आणि त्यांना लागत नाही. फरक काय? उत्तर सापडलं: अनुभव.

टेस्टच्या सायकलची सीट मात्र खाली वाकली आहे. स्वस्तातल्या सीटा आणतात.

गुरुवार, १९ मार्च

फायर ब्रिगेडवाल्याचा फोन. अगदी काकुळतीला येऊन विचारत होता की सील तोडून थोडी हवा काढू का. मी ठामपणे नाही म्हटलं. म्हटलं, आगीत तुम्ही नियम मोडता का? तो म्हणाला, हो, रोज.

शुक्रवार, २० मार्च. सकाळी ११.१५

मालकीणबाईंनी बोलावलं. फॉर्म समोर पसरलेले. 'लाकडी.' 'फोर्क हलका, त्रास जड.' 'माझ्या सासऱ्यांची जुनी सायकल यापेक्षा मऊ आहे.' बाईंचा आवाज चढला नाही, त्यामुळे माझ्या तोंडचं पाणी जास्त पळालं. त्या म्हणाल्या, फॅक्टरीत राहिलेला एक फोर्क खोलून बघितला, आत काही चूक दिसत नाही. मग तक्ता कुणी केला ते विचारलं. मी म्हटलं, मी. चाचणी कुणी केली? मी. वजन?

चौऱ्याहत्तर, असं मी अजिबात न अडखळता सांगितलं.

बाई माझ्याकडे बघत राहिल्या. मग मी बसलेल्या खुर्चीकडे. मग पुन्हा माझ्याकडे. म्हणाल्या, बरं, तीसला भेटू. जाता जाता म्हणाल्या, घंटा विभागात एक टेबल रिकामं करून ठेवायला सांगितलंय, नुसतं तयारी म्हणून.

आठ वर्षं! आठ वर्षं मी या फोर्कशिवाय दुसरं काही केलेलं नाही. लेक शाळेत होती तेव्हा सुरू केला. तिच्या गॅदरिंगला गेलो नाही, वेल्डिंग चालू होतं. उद्या घंटा वाजवत बसायचं? डबा तसाच परत आणला. (नंतर गाडीत खाल्ला.)

रविवार, २२ मार्च. संध्याकाळी ६

लेक दुसरी आली!! चाळीस जणींत दुसरी! माझ्या फोर्कवर! मी तारेच्या कुंपणाला धरून लहान पोरासारखा रडलो. ही शेजारी उभी राहून माझी पाठ थोपटत होती, आणि माझ्या दोन्ही बाजूंची माणसं सरकून जागा देत होती.

मग घात झाला. पहिली आलेली मुलगी कौतुकाने म्हणाली, बघू गं तुझा फोर्क, आणि हँडलवर भार देऊन दाबला. फोर्क छान खाली गेला. सावकाश वर आला. ती म्हणाली, वा.

मी गार पडलो. तक्त्याप्रमाणे भरलेला फोर्क एवढ्याशा पोरीच्या भाराने एवढा खाली जातच नाही!

घरी येताच पंप लावला. तक्त्यावर ५१ किलोला ६३. आत ५३. आणि ते सील! नखाने खरवडलं तर सोलून आलं. लाख नाहीच. हिची नेलपॉलिश.

संध्याकाळी ७.३०

तळपायाची आग मस्तकात गेली होती. पोटच्या पोरीने चाचणी बाद केली! मी ओरडलो. तिने ऐकून घेतलं. मग सांगितलं की बोटं बधिर होऊन एकदा वळणावर ब्रेकच दाबता आला नाही, झाडात जाता जाता वाचली, म्हणून हवा काढत काढत बरोबर वाटेपर्यंत आणली.

मी म्हटलं, मग सांगितलं का नाहीस? ती म्हणाली, बाबा, उलटं त्रैराशिक मांडून बघा.

मांडतो. ५१ किलोला ५३ बरोबर लागत असेल, तर ज्याला ९२ बरोबर लागते त्याचं वजन... ५१ गुणिले ९२ भागिले ५३... ८८.५.

कॅल्क्युलेटर बिघडलाय.

७.४५

मोबाईलवरही तेच येतंय.

सोमवार, २३ मार्च. पहाटे ६

पोरीने पंधरा दिवसांपूर्वीच हे गणित वहीच्या कडेला केलं होतं. मला सांगितलं नाही. का, ते तिच्या आईने सांगितलं. दोन वर्षांपूर्वी मेव्हण्याने सगळ्यांदेखत माझ्या पोटावर एक विनोद केला, तेव्हा मी दोन दिवस कुणाशी बोललो नव्हतो. पोरीच्या ते मनात राहिलं. फॉर्मवर चांगलं लिहावं तर तक्त्याशी खोटं, वाईट लिहावं तर बाबांना लागेल. म्हणून कोरा ठेवला.

मला मेल्याहून मेल्यासारखं झालंय.

पण घाबरून चालणार नाही. शांतपणे विचार करायला हवा. फोर्क बरोबर आहे! चूक फक्त तक्त्यात आहे. तक्ता बदलला की झालं. आणि ८८.५ हे काही वजन नव्हे, नुसतं गणित. कदाचित मी ७९ असेन. हिवाळ्यात माणूस थोडा भरतो.

सकाळी ९.३०

सगळ्यांना मेल गेला: सील तोडा, सोबतचा नवीन तक्ता वापरा. 'छपाईत चूक झाल्याने गैरसोय झाली.' नवीन तक्ता ७९ किलोवर बांधलाय. छपाई हा शब्द योग्य आहे. चुकीचा आकडा छापला गेलाच होता.

मंगळवार, २४ मार्च

गणिताच्या बाई: 'मुंग्या कमी.' पोस्टवाली: 'लॉक थोडं सुटल्यासारखं वाटतंय.' जिवात जीव आला. म्हणजे ७९च.

बुधवार, २५ मार्च

तरी कुणी 'घेईन' लिहीत नाही. पाच दिवस उरले. दुसरा मेल: 'छपाईची आणखी एक चूक लक्षात आली.' आता ८३ वर बांधला. ८३ म्हणजे अगदी शेवट. याच्या वर मी जाणार नाही.

गुरुवार, २६ मार्च. दुपारी

फायर ब्रिगेडवाला लिहितो: 'आता बराच बरा. आणखी किती चुका सापडणार आहेत ते एकदाच सांगा, प्रत्येक वेळी पंप घेऊन डोंगर चढावा लागतो.'

मालकीणबाईंनी सगळी मतं तारखेप्रमाणे लावून ठेवली आहेत. मला म्हणाल्या, गंमत आहे, दर मेलनंतर लोक खूश होत जातात. मी म्हटलं, हो, गंमत आहे. मग त्या म्हणाल्या, स्टिकरवाल्याला काढून टाकते. दोन-दोनदा चुका म्हणजे काय? वीस वर्षांचा संबंध, पण इलाज नाही.

मी काहीतरी बोलायला तोंड उघडलं. खोकला आला.

शुक्रवार, २७ मार्च. दुपारी ४

स्टिकरवाले काका स्वतः आले. सत्तरीचे. जिने चढून धाप लागलेली. हातात भिंग आणि माझ्या हस्ताक्षरातला मूळ तक्ता, प्लॅस्टिकच्या पिशवीत जपून ठेवलेला. म्हणाले, साहेब, मी भिंगाने एकेक आकडा ताडून बघितला, दोनदा, तुमच्या कागदात आणि माझ्या छपाईत फरक सापडत नाही, पण माझे डोळे आता पूर्वीचे राहिले नाहीत, तुम्हीच दाखवा कुठे चुकलो, म्हणजे पुन्हा चुकणार नाही.

मी कागद हातात घेतला. माझंच अक्षर. मथळ्यात माझ्याच हाताने लिहिलेलं: 'आधार: चाचणी-चालक, ७४ किलो.' खाली ठळक रेघ.

म्हटलं, काका, बसा. चहा मागवला. बिस्किटं मागवली. त्यांनी पुन्हा विचारलं, कुठे चुकलो? मी म्हटलं, बघून सांगतो.

बघून सांगतो! काय माणूस आहे मी. ते गेल्यावर बिस्किटांची बशी तशीच होती. मलाही जाईना. हे पहिल्यांदाच झालं.

शनिवार, २८ मार्च. सकाळी ८.०५

पार्सल विभाग. मोठ्या खोक्यांचा लोखंडी काटा. याच्यावर फोर्कच्या पेट्या मोजतात. बेसिन जवळ नाही, धरायला काहीच नाही. पार्सलवाल्याला म्हटलं, मी उभा राहतो, तू मोठ्याने वाच. त्याने विचारलं, कशासाठी? म्हटलं, कामासाठी.

बूट काढले. कोट काढला. पोट आत घेतलं, मग सोडून दिलं, कारण त्याने आकडा बदलत नाही हे मला इंजिनिअर म्हणून माहीत आहे.

त्याने मोठ्याने वाचलं. शिफ्टवर आलेल्या सगळ्यांनी ऐकलं. सवयीने त्याने लेबल छापून काढलं आणि विचारलं, कुठे पाठवायचं?

८९.४.

८.४०

बारा जणांना मेल पाठवला, मालकीणबाईंना कॉपी. चार वेळा लिहिला. पहिल्या तीन खर्ड्यांत 'तांत्रिक कारणामुळे' होतं. चौथा असा: 'छपाईची चूक नव्हती. स्टिकरवाल्यांनी मी दिलं तेच अचूक छापलं. चूक माझ्या वजनाची. मी ७४ सांगितलं, मी ८९.४ आहे. काट्याच्या लेबलचा फोटो जोडला आहे. शेवटचा तक्ता सोबत. तुमच्या हातांची आणि एका दाढेची माफी मागतो.'

पाठवल्यावर टेबलाखाली वाकून बुटाची नाडी बांधत बसलो. बराच वेळ बांधली.

मग काकांना फोन केला. ते सगळं ऐकून घेऊन म्हणाले, म्हणजे डोळे ठीक आहेत माझे. आणि फोनवरच रडले.

रविवार, २९ मार्च

सकाळपासून एकही उत्तर नाही. हसत असतील. हसू देत. मी दर पाच मिनिटांनी मेल बघतोय. ही म्हणाली, मेल पाहू नका, चालायला चला. गेलो. चाळीस मिनिटं. गुडघे दुखले, पण ते मी हिला सांगितलं, तेव्हा ती म्हणाली, बरं झालं सांगितलंत.

संध्याकाळी ६.३०

फायर ब्रिगेडवाला: 'घेईन. दोन घेईन. आधी सांगितलं असतंत तर दाढ वाचली असती, पण चला.'

पोस्टवाली: 'घेईन.'

गणिताच्या बाई: 'घेईन. त्रैराशिक बरोबर होतं, पहिली ओळ चुकीची होती. मुलांचंही असंच होतं.'

आठवा फॉर्म ६.१० ला आला. मी स्वयंपाकघरात जाऊन हिला सांगितलं. मग नळ सोडून तोंड धुतलं. बराच वेळ धुतलं.

सोमवार, ३० मार्च. दुपारी १

मीटिंग झाली. बारापैकी दहा. एकाला रंग आवडला नाही. बेकरीवाल्याने अजूनही फोर्क पेटीतून काढलेला नाही. फोर्क पास.

दहावा फॉर्म लेकीचा. सकाळी माझ्या डब्यावर ठेवून गेली होती. 'पहिल्या दिवसापासून फोर्कमध्ये काहीच चूक नव्हती. घेईन.' एकच ओळ. डबा उघडायच्या आधी चारदा वाचली.

मी सहीचा विषय काढला. वाटलं, आता हरकत नसावी. सहीचे तीन नमुनेही खिशात होते. मालकीणबाई म्हणाल्या, फोर्कवर नाव नको, पण पारदर्शकता हवी. यापुढे प्रत्येक फोर्कच्या स्टिकरवर, प्रत्येक पेटीवर आणि माहितीपत्रकाच्या सहाही भाषांमध्ये ठळक छापायचं: 'आधार: चाचणी-चालक, ८९.४ किलो.' पहिल्या लॉटमध्ये चार हजार फोर्क.

कुणी हसलं नाही. अकाउंटंटने टाळ्या वाजवायला सुरुवात केली, मग थांबली.

दुपारी ४.१५

काकांचा फोन आला. नवीन स्टिकरचं काम त्यांच्याकडेच आहे. आवाज खुशीत. म्हणाले, साहेब, जागा जरा कमी पडतेय, शेवटचा आकडा उडवून नुसतं ८९ छापू का? कुणाला कळायचं नाही.

मी म्हटलं, नाही काका, ८९.४च छापा.

काट्यावर चढताना खिशात किल्ल्यांचा जुडगा राहिला होता, ते मी त्यांना सांगितलं नाही.